बाबांच्या नावेतला पंप मी दुरुस्त केला

मी दुरुस्त करेपर्यंत बाबांच्या नावेतला पंप उत्तम चालत होता.

हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेलं बरं. मागच्या वेळी एवढंच सांगायला मला एक्केचाळीस दिवस लागले होते.

शनिवार होता. बलखाश तळ्यावरचा बर्फ फुटून आठवडा झाला होता, काठावरच्या सगळ्या नावा उपड्याच्या सुलट्या झाल्या होत्या आणि गावभर रंगाचा वास सुटला होता. मी शहरातून शुक्रवारच्या बसने घरी आले होते. रविवारी सकाळी बाबा गेले. चहाचा दुसरा पेला मागितला आणि तो मी आणायच्या आत गेले. रविवारबद्दल मी एवढंच सांगणार आहे. शनिवार मात्र सविस्तर सांगते. तो सांगण्यासारखा आहे, आणि त्या दिवशी बाबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले होते.

आधी माझ्याबद्दल. मी शहरातल्या एका वाचनालयात काम करते. एकवीस वर्षं. कुठलीही अडचण आली की आधी पुस्तक आणायचं, ही माझी पद्धत. घराचा रंग मी पुस्तक वाचून दिला. आत्याच्या गायीचा पोटफुगा पुस्तक वाचून उतरवला. घटस्फोटसुद्धा दोन पुस्तकं वाचून घेतला आणि तो फार व्यवस्थित पार पडला. तेव्हा बाबांच्या नावेच्या तळाशी बसवलेला, साचलेलं पाणी बाहेर फेकणारा हातभर लांबीचा पंप माझ्यासमोर म्हणजे काहीच नव्हता.

त्या शनिवारी अकरा वाजता नावांची तपासणी करणारे साहेब येणार होते. नियम साधा होता: साहेबांच्या डोळ्यांदेखत नावेत पाणी ओतायचं आणि नावेने ते आपलं आपण बाहेर टाकायचं. टाकलं तर हंगामाचा परवाना. नाही टाकलं तर पुढच्या वर्षी बघू. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे होते. त्या वयात 'पुढच्या वर्षी बघू' हे कोणालाच ऐकायला नको असतं. शिवाय बाबा, म्हणजे ओंदासिन उस्ताद, काठावरच्या निम्म्या नावांचे पंप दुरुस्त करणारा माणूस. त्यांचाच पंप अडला असता तर गावाला वर्षभर दुसरा विषय लागला नसता.

बाबांची पंप तपासायची रीत अशी: दोन बादल्या पाणी ओतायचं, पाण्याबरोबर वर येऊन पंप सुरू करणारा फ्लोट बोटाने उचलायचा, मान तिरकी करून ऐकायचं, आणि म्हणायचं, "बरा आहे." झालं. चाळीस वर्षं हेच. मी शुक्रवारीच पंपाबरोबर आलेली पुस्तिका वाचून काढली होती, आणि छोट्या नावांच्या देखभालीवरचं एक जाडजूड पुस्तकही वाचनालयातून आणलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की दर हंगामाआधी पंप पूर्ण उघडून जाळी, फ्लोट, तारा, पाइप आणि व्हॉल्व्ह साफ करावेत. सकाळी नाश्त्याला मी बाबांना सांगितलं की तुम्ही आता काळजी करू नका, पंपाचं सगळं मी बघते.

"वाच, वाच," बाबा म्हणाले. "पंपालाही थोडं वाचून दाखव. बिचारा वर्षभर अंधारात असतो."

आणि टोपी घालून ते बेइसेम्बाय काकांकडे चहाला गेले. तासाभरात येतो म्हणाले, म्हणजे तीन तास.

बेइसेम्बाय काका बाबांचे कुर्दास, एकाच वर्षी जन्मलेले. कुर्दासाने कुर्दासाची चारचौघांत कितीही टिंगल करावी, ऐकणाऱ्याने राग धरायचा नाही, हा आमच्याकडचा नियम आहे. या दोघांनी तो सत्तर वर्षं इतका कसोशीने पाळला होता की काकांनी एखाद्या दिवशी बाबांना गाढव म्हटलं नाही तर बाबा त्यांच्या तब्येतीची चौकशी करत.

मी नावेत उतरले. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि पंप उघडला. निघालेला प्रत्येक भाग क्रमाने मांडला, शेजारी पेन्सिलने आकडे घातले. जाळीतून माशाचे खवले, दोरीचे धागे आणि एक बटण निघालं. सगळं धुतलं, पुसलं, वंगण लावलं, परत बसवलं. एकही स्क्रू उरला नाही! यंत्रं उघडणाऱ्या कोणालाही विचारा, हे किती जणांना जमतं.

राहिला फक्त व्हॉल्व्ह. पंपाने पाणी बाहेर ढकललं की ते परत आत येऊ नये म्हणून पाइपाच्या मध्ये एक एकेरी व्हॉल्व्ह असतो. एका बाजूने पाणी सोडतो, दुसऱ्या बाजूने अडवतो. त्याच्या अंगावर एक बाण कोरलेला होता. बाण कुठल्या दिशेला ठेवायचा हे ना पुस्तिकेत होतं ना पुस्तकात. लिहिणाऱ्यांना ते सांगायची गरज वाटली नसावी. एखाद्या न शिकलेल्या माणसाने बाण पाण्याच्या वाटेने ठेवला असता. पण मी वाचलेली होते. मी विचार केला. उत्तरेचा वारा म्हणजे उत्तरेकडून येणारा वारा, उत्तरेकडे जाणारा नव्हे. म्हणजे जाणकार लोक दिशा सांगतात ती उगमाची सांगतात. तेव्हा हा बाण पाणी कुठून येतं ते दाखवत असणार. मला स्वतःचं कौतुक वाटलं. मी व्हॉल्व्ह त्याप्रमाणे बसवला आणि दोन्ही बाजूंच्या क्लिपा पान्याने गच्च आवळल्या.

मग पाणी ओतून एकदा बघणार होते, तेवढ्यात आत्याने बाउरसाक, कणकेचे गोळे, तळायला हाक मारली. साहेब येणार म्हणजे घरात तळलेलं काहीतरी हवंच.

अकराला साहेब आले. येरसाइन नाव, पस्तिशीचे, नवं कातडी जाकीट, बगलेत फाइल. बोलणं अतिशय सभ्य. त्यांच्यामागे चहाहून परतलेले बाबा, बेइसेम्बाय काका, आणि काठावरचे सातआठ म्हातारे, तपासणी बघायला. तसं काही बघण्यासारखं नसतं, पण बर्फ फुटल्यावर पहिला आठवडा माणसाला काहीही बघावंसं वाटतं. नाव रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांवर उभी होती. मी पुस्तिका हातात घेऊन बाजूला उभी राहिले. चेहऱ्यावर, नंतर आत्याने सांगितल्याप्रमाणे, बक्षीस समारंभातल्या पाहुणीचा भाव होता.

बाबांनी दोन बादल्या ओतल्या. फ्लोट वर आला. पंप सुरू झाला. घूंऽऽ.

नावेच्या कडेला पाणी बाहेर पडायचं जे भोक असतं, त्याकडे आम्ही सगळे बघत राहिलो. त्यातून काहीही आलं नाही. एक माशी होती, तीही आत गेली.

"ओंदासिन," बेइसेम्बाय काका म्हणाले, "तुझा पंप गातो छान. कामाचं काय?"

बाबांनी मान तिरकी केली आणि ऐकलं. त्यांना त्याच क्षणी कळलं असणार की आवाज बरोबर नाही. पण तोपर्यंत म्हाताऱ्यांनी कारभार हातात घेतला होता. एकाचं म्हणणं पडलं की पाणी कमी आहे, पंपाला ते दिसतच नाहीये. मग सगळ्यांनी तळ्यापासून रांग लावली आणि बादल्या येऊ लागल्या. मी पुस्तिकेतलं 'अडचणी व उपाय' हे पान मोठ्याने वाचायला लागले. पहिला प्रश्न होता, बॅटरी जोडलेली आहे काय. कोणी ऐकत नव्हतं. बावीस बादल्या झाल्या. पंप घूं करत होता, पाणी गुडघ्याला आलं होतं, आणि एवढ्या वजनाने एका बाजूचा स्लीपर चिखलात जायला लागला. नाव हळूहळू, अगदी अदबीने, साहेबांच्या बाजूला झुकली.

साहेबांनी घड्याळ बघितलं, फाइल उघडली, पेन काढलं.

नेमक्या याच वेळी घरातून उलबिके आत्या आली. आत्याचं खुब्याचं दुखणं, त्यामुळे ती दहा पावलं टाकून थांबते आणि परिस्थितीचा अंदाज घेते. तिने काय बघितलं? गर्दी आहे, नावेत पंपाचा आवाज येतोय, साहेबांच्या हातात पेन आहे. म्हणजे झालं, पास. शालीआड तिने काचेचा वाडगा तयार ठेवलाच होता. "शुभ होऊ दे!" असं ओरडून तिने वाडगाभर गोळ्या-चॉकलेटं नावेवर उधळली.

आमच्याकडे आनंदाच्या वेळी असा शाशू उधळतात. आणि उधळलेलं काही जमिनीवर पडू देत नाहीत. ज्याच्या हाती लागेल त्याच्या घरी तो आनंद जातो. त्यामुळे पंप चालो न चालो, साठ-सत्तर वर्षांचे सगळे म्हातारे एकदम खाली वाकले. ज्यांचे गुडघे हिवाळाभर वाकत नव्हते तेही वाकले. निम्मी चॉकलेटं नावेतल्या पाण्यात पडली होती, तिथे चार जण दंडापर्यंत हात घालून शोधायला लागले. बेइसेम्बाय काका बॅटरीपाशी उभे होते. त्यांनी दोन्ही मुठी भरून घेतल्या. साहेब थोडा वेळ सरकारी राहिले. पण त्यांच्या बायकोला आठवा महिना होता, पहिलंच मूल, आणि एक लाल कागदातलं चॉकलेट अगदी त्यांच्या पुढ्यात, पाइपाशेजारी तरंगत होतं. त्यांनी फाइल दातात धरली आणि ते नावेत ओणवे झाले.

कोणीतरी म्हणालं की आता पंप कशाने चालणार, उलबिकेचे कागद अडकले त्यात. आत्या म्हणाली, माझ्या कागदांच्या आधी काय तो कारंज्यासारखा पाणी फेकत होता का? तिचा मुद्दा बिनतोड होता, पण चॉकलेट तोंडात असल्यामुळे कोणी उत्तर दिलं नाही.

या गोंधळात बाबा नावेत उतरले. पाण्यात गुडघे टेकून बसले. पंपावर हात ठेवला, मग पाइपावर, आणि बोटं पाइपावरून वर सरकवत नेली. व्हॉल्व्हपाशी थांबली. अंगठ्याने त्यांनी बाण पुसला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

फार वेळ नाही. चमचाभर साखर विरघळायला लागतो तेवढा वेळ. मी पुस्तिकेत बघितलं.

"अरे, हा तर मीच उलटा बसवलाय," बाबा मोठ्याने म्हणाले. "सकाळी. दिसलंच नाही."

"सकाळी तर तू..." बेइसेम्बाय काकांनी सुरुवात केली.

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. काका थांबले. सत्तर वर्षांत कुर्दासाला टोचायची संधी त्यांनी पहिल्यांदाच सोडली, आणि ती सोडलेली कळू नये म्हणून लगेच दुसरी घेतली. म्हणाले की गाढव तरी पाणी कुठल्या तोंडाने प्यायचं ते विसरत नाही. सगळे हसले. बाबाही हसले.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण त्याच वेळी बाबा म्हणाले, "बॅटरी काढ." ज्यांनी काढायची त्या काकांच्या दोन्ही मुठी भरलेल्या होत्या. "काढतो, काढतो," असं म्हणत ते गोळ्या ठेवायला खिसा शोधत राहिले. बाबांनी वाट बघितली नाही, क्लिप सैल केली.

आता तुम्हीच विचार करा. पंप पाऊण तास पाणी ढकलतोय, व्हॉल्व्ह पाऊण तास ते अडवतोय. त्या पाइपात काय काय साठलं असेल! पाइप सुटला, एकदा सापासारखा उठला, आणि समोर ओणव्या झालेल्या येरसाइन साहेबांना त्याने डोक्यापासून पट्ट्यापर्यंत धुऊन काढलं. नुसतं पाणी नव्हतं. नावेच्या तळाचा मागच्या हंगामातला गाळ, माशाचं तेल आणि मी लावलेलं वंगण. साहेब उभे राहिले तेव्हा दातातली फाइल तशीच होती आणि कपाळाला एक हिरवा कागद चिकटला होता. मुठीत मात्र लाल चॉकलेट होतं. ते त्यांनी सोडलं नव्हतं.

कोणी हसलं नाही. निदान पाच सेकंद तरी.

बाबांनी व्हॉल्व्ह फिरवून बसवला, जाळीतले कागद काढले, बॅटरी परत जोडायला सांगितली. कडेच्या भोकातून आधी माशी बाहेर आली आणि मग पाणी, मनगटाएवढी जाड धार, दूरवर चिखलात. चार मिनिटांत नावेचा तळ दिसायला लागला. साहेबांनी जाकिटाची बाही पिळली आणि फाइलमध्ये 'योग्य' असा शेरा लिहिला. इथपर्यंत सगळी गंमतच होती.

पण खाली आणखी एक रकाना असतो. साहेबांनी तोही भरला आणि वाचून दाखवला: मालकाचं वय आणि आज झालेली चूक लक्षात घेता, त्यांनी यापुढे एकट्याने नाव पाण्यात नेऊ नये.

"रागावू नका, काका," ते म्हणाले. "काठावर झालं म्हणून हसलो. आत मध्यावर झालं असतं तर?"

त्यांचं बरोबर होतं, हीच अडचण होती. बाबा अठराव्या वर्षापासून पहाटे एकटे तळ्यावर जात होते. दुसरं माणूस बरोबर असलं की मासे त्याचं बोलणं ऐकतात, माझं नाही, असं म्हणायचे. त्यांनी शेरा ऐकला, मान हलवली, आणि सही केली. बोलणार काय? आपणच बसवला असं सांगून बसले होते.

मला बोलता आलं असतं. पाच शब्द होते, मी तिथेच मोजले: व्हॉल्व्ह मी बसवला होता, साहेब. पण साहेब कुडकुडत होते, म्हातारे हसून हसून एकमेकांच्या खांद्यावर टेकले होते, आणि माझ्या हातात अजून पुस्तिका होती. मी वाचनालयात काम करते. गप्प राहायचा मला पगार मिळतो.

साहेबांना घरी आणलं. जाकीट चुलीवर टांगलं, बाबांची पँट दिली. साहेब उंच, बाबा बुटके, त्यामुळे ते पोटऱ्या उघड्या टाकून दस्तरखानापाशी बसले आणि अठ्ठावीस बाउरसाक खाल्ले. आत्याने मोजले, आणि दर दोनामागे आणखी चार पुढे सरकवले. बेइसेम्बाय काकांनी पाइप कसा उठला ते दोनदा करून दाखवलं. दुसऱ्या वेळी बाबा हसता हसता आडवे झाले, डोळे पुसायला लागले. असे हसलेले मी त्यांना आई गेल्यापासून बघितले नव्हते, म्हणजे अकरा वर्षं. अशा वेळी मध्येच कोण सांगणार?

साहेबांना बसपर्यंत पोचवून आम्ही दोघं परत येत होतो. काठाकाठाने. बाबांनी विचारलं की ते जाड पुस्तक वाचनालयात कधी परत द्यायचंय. मी म्हटलं, पंधरा दिवस आहेत.

"मग ठेवून जा," बाबा म्हणाले. "मी वाचीन."

बाबांनी जन्मात पुस्तक वाचलं नव्हतं. मी म्हटलं बरं. उद्या सकाळी नाव पाण्यात सोडायची होती, तेव्हा नावेत दोघंच असू, तेव्हा सांगू, असं मी ठरवलं. शांतपणे, नीट शब्दांत. रात्री ते शब्द जुळवूनही ठेवले.

नाव त्या रविवारी पाण्यात गेली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. आमच्याकडे बाप गेला की मुलीने आक्रोश करायचा असतो. नुसतं रडायचं नाही. मोठ्याने, सुरात सांगायचं, की तो कोण होता, काय करायचा, आपलं काय गेलं. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकू गेलं पाहिजे. मला आवाजच फुटला नाही. या विषयावर मी तीन पुस्तकं वाचलेली आहेत, त्यातल्या एकाला मी स्वतः कव्हर घातलंय, पण आवाज फुटला नाही. सातव्या दिवशीही नाही. माझ्या वाट्याचंही आत्याच गायली. बायका माझ्याकडे बघायच्या आणि एकमेकींना सांगायच्या की शहरात राहून कोरडी झाली पोर. मी चहा ओतत राहायचे. चहा मी चांगला ओतते.

आणि दुसरीकडे ती गोष्ट. व्हॉल्व्हची गोष्ट बाबांच्या आधी गाव सोडून निघाली होती. ती काठाकाठाने फिरत गेली आणि जाईल तिथे वाढत गेली. दुसऱ्या आठवड्यात साहेब पाण्याच्या धारेने तळ्यात पडले होते. चौथ्या आठवड्यात त्यांना जाळं टाकून बाहेर काढलं होतं. चाळीस वर्षं लोकांचे पंप दुरुस्त केलेल्या माणसाची शेवटी एकच आठवण उरत होती, आणि ती त्यांची नव्हतीच.

चाळिसाव्या दिवशी घर भरलं होतं. मोठ्या खोलीत पुरुष, आतल्या खोलीत बायका, मधलं दार उघडं, आणि त्या दारात मी, किटली घेऊन. येरसाइन साहेबही आले होते. मुलगी झाली होती त्यांना. जाकीट मात्र आक्रसलं होतं, चेन लागत नव्हती. मटण झालं, चहा सुरू झाला, आणि कोणीतरी बेइसेम्बाय काकांना म्हणालं की सांगा ना ती गोष्ट.

काकांनी सांगितली. बारीक झाले होते ते, पण गोष्ट चांगली सांगितली, साहेबांना तळ्यात न टाकता. खोली हसली. पलीकडच्या काठावरून आलेले एक पांढऱ्या दाढीचे आजोबा बाबांना ओळखत नव्हते, कुणाबरोबर तरी आले होते. त्यांनी डोळे पुसत विचारलं, "म्हणजे व्हॉल्व्ह उलटा बसवणारा तो हाच होय? बरं झालं बाबा, त्याला एकट्याला पाण्यात जाऊ दिलं नाही."

मी किटली खाली ठेवली.

"बाबांनी नाही बसवला," मी म्हणाले. "मी बसवला."

मला वाटलं, झालं, सुटले. पण तसं काही झालं नाही. आजोबांनी दोन्ही तळहात वर केले आणि भरल्या आवाजात दुवा दिली की अशी लेक प्रत्येक बापाला मिळो, मेल्यावरही त्याची चूक आपल्या अंगावर घेणारी. सगळ्यांनी आमीन म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवले. साहेबांनीसुद्धा.

मी म्हटलं, अहो, खरंच मी बसवला. बाण मी उलटा धरला, वाऱ्यासारखा. वाऱ्याचं मी समजावून सांगितलं. कोणीतरी हळूच म्हणालं, किती शिकलेली आहे. मी साहेबांकडे वळले. त्यांनी अतिशय सभ्यपणे सांगितलं की तुमच्या भावना मी समजू शकतो, ताई, पण कागदावर तसं नाही.

शेवटी मी बेइसेम्बाय काकांकडे बघितलं. त्या दिवशी सकाळी बाबा कुठे होते हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? काकांनी पेला खाली ठेवला.

"मला विचारू नकोस," ते म्हणाले. "त्याने माझ्याकडून शब्द घेतलाय. साहेब बसमध्ये चढेपर्यंतही दम नव्हता त्याला, त्याच्या आधीच घेतला. म्हणाला, पोर लाजेल." मग त्यांनी मान वर केली. "पण तू कुठे कुणाला शब्द दिलायस? सांग की. आणि जरा मोठ्याने सांग, आतल्या बायकांना काही ऐकू गेलं नाही."

आत्या आतून उठून आली. दहा पावलं नव्हतीच, पण ती मध्ये एकदा थांबली. माझ्या शेजारी उभी राहिली आणि आक्रोशाला बसणाऱ्या मुलीच्या पाठीवर ठेवतात तसा तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. आतल्या बायकांनी पेले बाजूला केले. मला सूर लावता येत नाही. पण आवाज निघाला, आणि तो इतका मोठा होता की अंगणातली माणसं बोलायची थांबली.

"बाबा, व्हॉल्व्ह मी उलटा बसवला. तुम्ही नाही. तुम्ही जन्मात एक व्हॉल्व्ह उलटा बसवला नाहीत. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि मी पुस्तकात बघितलं, बाबा. मी पुस्तकात बघितलं."